गोदातटीचे नाशिक : दानाने घडलेले नगर



गोदावरीच्या दर्शनासाठी व स्नानासाठी नाशिक क्षेत्री येणाऱ्या यात्रेकरूंच्या मनात दोन भावना असतात. येथून काही पुण्य बरोबर न्यावे ही पहिली आणि येथे यथाशक्ती काही अर्पण करावे ही दुसरी. या नगरीचा दोन हजार वर्षांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, येथील लेणी, घाट, मंदिरे व धर्मशाळा या सर्वांचा पाया दानात आहे. कोणी दान दिले, कशासाठी दिले व त्याची व्यवस्था कशी लावली, हे समजून घेतल्यास क्षेत्रदर्शन अधिक अर्थपूर्ण होते. याच हेतूने नाशिकचा भूगोल, इतिहास व संस्कृती यांची ओळख पुढे करून देत आहोत.

क्षेत्राची भौगोलिक रचना

सह्याद्रीच्या रांगेतील सुमारे १,३०० मीटर उंचीच्या ब्रह्मगिरी पर्वतावर, त्र्यंबकेश्वरी, गोदावरीचा उगम होतो. गौतम ऋषींनी तप करून गंगेला येथे आणले अशी श्रद्धा असल्याने ती गौतमी या नावानेही ओळखली जाते. उगमस्थानापासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आतच आहे. तरीही ही नदी त्याकडे पाठ फिरवून पूर्वेस वळते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. महाराष्ट्र, तेलंगणा व आंध्र प्रदेश ही राज्ये तिच्या काठी नांदतात. या दीर्घ प्रवासातील पहिले मोठे नगर म्हणजे नाशिक होय. त्र्यंबकेश्वरापासून ते सुमारे तीस किलोमीटर अंतरावर आहे.

नदीच्या उजव्या तीरावर टेकड्यांवर वसलेले जुने नाशिक व डाव्या तीरावरील पंचवटी मिळून हे क्षेत्र होते. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणवाहिनी होते आणि म्हणूनच येथील स्नानास विशेष महत्त्व दिले जाते. रामकुंडाखेरीज सीताकुंड, लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड अशी अनेक कुंडे नदीच्या पात्रातच आहेत. अरुणा व वरुणा (वाघाडी) हे प्रवाह पंचवटीच्या बाजूने येऊन गोदेस मिळतात, तर तपोवनात कपिला नदीचा संगम आहे. शहराच्या दक्षिण भागातून वाहणारी नंदिनी, म्हणजेच नासर्डी, पुढे गोदावरीतच विलीन होते.

येथील पर्जन्यमानाचे स्वरूप यात्रेकरूंनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. घाटमाथ्यावर, इगतपुरी-त्र्यंबक भागात पाऊस मुसळधार पडतो. नाशिक शहरात मात्र तो त्या मानाने बराच कमी असतो. त्यामुळे शहरात आभाळ उघडे असतानाही वरच्या पावसाने नदीस अकस्मात पूर येऊ शकतो. शहराच्या वरच्या अंगास गोदावरीवर बांधलेले गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून रामकुंडातील पाण्याचे प्रमाण बहुतांशी या धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे.

नामोत्पत्ती

लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका येथे छेदली म्हणून नाशिक, ही कथा सर्वश्रुत आहे. नऊ शिखरांवर वसलेले म्हणून ‘नवशिख’ व त्याचे नाशिक, असेही सांगितले जाते. पाच वटवृक्षांवरून पंचवटी हे नाव पडले असून, प्रभू रामचंद्रांचे वनवासातील वास्तव्य येथे होते अशी कोट्यवधी भाविकांची श्रद्धा आहे. मोगल अमदानीत या शहरास गुलशनाबाद असे नाव देण्यात आले होते. पेशवाईत नाशिक हे जुने नाव पुन्हा रूढ झाले.

नगराच्या प्राचीनत्वास उत्खननाचाही आधार आहे. नदीकाठच्या जुन्या मातीच्या गढीवर डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. त्यात सातवाहन काळाच्याही पूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. या काठावर मनुष्यवस्ती तीन हजार वर्षांपूर्वीपासून आहे, असे त्यावरून म्हणता येते.

त्रिरश्मी पर्वतावरील दानलेख

शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मी डोंगरावर चोवीस लेण्यांचा समूह आहे. लोक त्यास पांडवलेणी म्हणतात. वास्तविक ही बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी कोरलेली लेणी असून, त्यांतील ब्राह्मी लिपीतले प्राकृत भाषेतील शिलालेख हा भारताच्या इतिहासाचा मोलाचा ठेवा आहे. दान देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक भाविकाने त्यांतील निदान दोन लेखांचा आशय जाणून घ्यावा.

पहिला लेख दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील आहे. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने हे लेणे करविले. तेथे राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण ‘अक्षयनीवी’ म्हणून दिले. अक्षयनीवी म्हणजे ज्याच्या मुद्दलास हात लावावयाचा नाही असा कायम निधी. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील, म्हणजे नाशिक परिसरातील, विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून सोपविली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. मुद्दल परत द्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे.

पहिल्या ठेवीचा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. दोन हजारांवर महिन्यास वीस, म्हणजे वर्षास दोनशे चाळीस कार्षापण व्याज होते. वर्षावासासाठी लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, असा लेखाचा आदेश आहे. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर दोनशे चाळीस! दात्याने गरज आधी मोजली आणि त्यावरून ठेवीची रक्कम ठरविली, हे यावरून दिसून येते. शिवाय हे दान नगराच्या सभेत जाहीर करून त्याची नोंद करविली. आज विश्वस्त संस्थांत कायम निधी, वार्षिक हिशेब व नोंदणी यांची जी पद्धत आहे, तिचे मूळ रूप या पाषाणावर कोरलेले आढळते. याच उषवदाताने नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्याचा, काठांवर विसावे व पाणपोया केल्याचा आणि ब्राह्मणांना व भिक्षूंना सारख्याच श्रद्धेने दाने दिल्याचा उल्लेखही येथे आहे.

दुसरा लेख तिसऱ्या क्रमांकाच्या भव्य लेण्यातील आहे. नहपानाचा पराभव करून हा प्रदेश घेणारा सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याने त्रिरश्मीवरील भिक्षूंना एका गावातील शेत दिले होते. पुढे, राज्याच्या चोविसाव्या वर्षी, राजा व राजमाता यांच्या नावाने नवी आज्ञा निघाली. पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, असे त्या आज्ञेत मोकळेपणाने नमूद करून, त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीपैकी शंभर निवर्तने भूमी देण्यात आली. आपले दान निरुपयोगी ठरले हे कबूल करून ते सुधारून देणारा सम्राट या भूमीत होऊन गेला, ही गोष्ट दात्यांना व विश्वस्तांना सारखीच मार्गदर्शक आहे.

पेशवेकालीन मंदिरे व घाट

आज यात्रेकरूंना दिसणारे नाशिक मुख्यत्वे अठराव्या शतकात घडले. रामकुंडासमोरील कपालेश्वर मंदिरात महादेवापुढे नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून मुक्त होण्याचा मार्ग नंदीने दाखविला म्हणून शंकरांनी त्यास गुरुस्थानी मानले, अशी कथा सांगितली जाते. नदीकाठचे श्रीरामेश्वर मंदिर सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधले. तेथील प्रचंड घंटा वसईच्या विजयाची खूण मानली जाते व तीमुळे हे देवालय नारोशंकराचे मंदिर म्हणूनच प्रसिद्ध आहे. उजव्या तीरावरील सुंदरनारायण मंदिर गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये उभारले. पंचवटीतील काळ्या पाषाणाचे श्रीकाळाराम मंदिर हे सरदार रंगराव ओढेकर यांचे कार्य होय. त्र्यंबकेश्वराचे विद्यमान मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतले. सिंहस्थात शैव आखाड्यांनी त्र्यंबकेश्वरी व वैष्णव आखाड्यांनी नाशिकला स्नान करावे, ही व्यवस्थाही पेशवेकाळापासून चालत आली आहे.

मात्र देवाच्या दारी सर्वांना सारखा प्रवेश नव्हता, हे सत्य सांगितल्यावाचून या मंदिरांचा इतिहास पूर्ण होत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली श्रीकाळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे आघाडीचे संघटक होते. स्त्रियांसह हजारो सत्याग्रही मंदिराच्या दारांशी बसले, त्यांनी मार व कारावास सोसला, तरी सुमारे पाच वर्षे चाललेल्या त्या लढ्यात दारे उघडली नाहीत. १९३५ मध्ये याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने मंदिरे सर्वांना खुली झाली. आज त्या महाद्वारातून आपण सर्वजण निःशंकपणे आत जातो, तेव्हा बाहेर तिष्ठत राहिलेल्या त्या जनांचे स्मरण करणे हेही दर्शनाचेच अंग मानावे.

घाटावरील दोन सत्पुरुष

गोदाघाटावर देवमामलेदार यशवंतराव महाराज यांचे समाधिमंदिर आहे. यशवंत महादेव भोसेकर हे ब्रिटिश अमदानीत बागलाण भागात, सटाणा येथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात लोक अन्नान्नदशेस पोहोचले असता त्यांनी सरकारी खजिना गोरगरिबांसाठी खुला केला. चौकशीच्या वेळी खजिन्यात रक्कम पूर्ण भरली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. १८८७ मध्ये नाशिक मुक्कामी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या समाधीसमोरील पटांगणात पुढे वसंत व्याख्यानमालेसारखे लोकशिक्षणाचे उपक्रम रुजले.

दुसरे सत्पुरुष श्रीसंत गाडगे महाराज. त्यांनी नाशिकला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली आणि नदीवरील एका पुलासही त्यांचे नाव आहे. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी धर्मशाळा, शाळा व अन्नदान यांत लावला आणि स्वतःजवळ गाडगे व खराटा यांपलीकडे काही ठेवले नाही. ज्या गावी कीर्तन असे, त्या गावचे रस्ते ते आधी झाडून काढीत. क्षेत्री येणाऱ्या दात्यापुढे हा आदर्श सदैव असावा.

नगराची संस्कृती

चैत्र शुद्ध एकादशीस श्रीरामरथ व गरुडरथ यांची मिरवणूक निघते. हे रथ भाविक दोरखंडांनी ओढतात. रंगपंचमीस जुन्या नाशकात पेशवेकालीन ‘रहाडी’ उघडल्या जातात. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो बुजविलेला असतो. सणाच्या वेळी पूजा करून त्यात रंग केला जातो व लोक त्यात उड्या घेतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी येथील भांडी बाजार पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. देवघरातील तांब्या, पळी, ताम्हन नाशिकहून नेण्याची प्रथा अनेक घरांत आढळते.

विद्येच्या क्षेत्रातही हे नगर मागे नाही. येथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० मध्ये झाली. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरी झाला. ज्ञानपीठ पुरस्काराने सन्मानित कविवर्य कुसुमाग्रज यांनी आपले आयुष्य याच नगरीत व्यतीत केले. स्वातंत्र्यवीर सावरकर यांचे जन्मगाव भगूर नाशिकनजीकच आहे. नाशिकरोड येथील चलनी नोटांचा छापखाना १९२८ पासून कार्यरत असून, द्राक्षबागांनी या जिल्ह्याचे नाव देशोदेशी पोहोचविले आहे.

दुतोंड्या मारुती आणि नदीची स्थिती

रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची उभी मूर्ती आहे. नाशिककर पूर मोजतात तो या मूर्तीवरून. पाणी मारुतीच्या पायांशी आले, गुडघ्याला लागले, कमरेला पोहोचले, छातीपर्यंत गेले, हीच येथील लोकांची मोजपट्टी. १९६९, २००८ व २०१९ च्या महापुरांच्या आठवणी याच भाषेत सांगितल्या जातात.

परंतु २०१६ या एकाच वर्षाने जे दाखविले, ते विसरण्यासारखे नाही. त्या वर्षी सिंहस्थ पर्व अद्याप समाप्त झाले नव्हते. असे असता एप्रिल महिन्यात, ऐन गुढीपाडव्याच्या सुमारास, रामकुंड कोरडे पडले. दुष्काळामुळे धरणात पाणी नव्हते आणि भाविकांच्या स्नानासाठी टँकरने पाणी आणून कुंडात ओतावे लागले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २ ऑगस्ट रोजी, हीच नदी मोठ्या पुराने घाटावर चढली.

कुंड कोरडे का पडावे? पूर्वी या कुंडांना पात्रातील जिवंत झऱ्यांचे पाणी मिळत असे. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास यात्रेकरूंच्या सोयीसाठी रामकुंड परिसरातील पात्रात काँक्रीटचा थर घालण्यात आला. त्याखाली काही प्राचीन कुंडे झाकली गेली व झऱ्यांची तोंडे बंद झाली, अशी नाशिकमधील गोदाप्रेमी नागरिकांची तक्रार राहिली आहे. काँक्रीट काढून कुंडे मोकळी करावीत व नदीत मिसळणारे सांडपाणी थांबवावे, यासाठी त्यांनी उच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. हे सर्व हेतुपुरस्सर कोणाचे वाईट करण्यासाठी झाले नाही. भाविकांची सोय व्हावी हाच त्यामागील विचार होता. परंतु ज्याप्रमाणे गौतमीपुत्राने न कसलेल्या शेताची चौकशी केली, त्याप्रमाणे आपल्या सोयीचे व दानाचे पुढे काय झाले, हे आपणही पाहिले पाहिजे.

गर्दीच्या बाबतीतही तेच म्हणावे लागेल. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी अरुंद मार्गावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्यू पावले. गुरू व सूर्य सिंह राशीत असतानाचा स्नानकाळ श्रावण-भाद्रपदात, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतो. त्या वेळी नदी भरलेली, घाट निसरडे आणि गल्ल्या अरुंद असतात. सिंहस्थाची पुढील मुख्य स्नानपर्वे २०२७ च्या पावसाळ्यात येतात. शास्त्रानुसार पर्वकाळ हा केवळ एका क्षणाचा नाही. वृद्ध, लहान मुले व आजारी व्यक्ती यांना घेऊन येणाऱ्यांनी मुख्य दिवस टाळून इतर दिवशी स्नान केल्यास पुण्य उणे होत नाही.

भाविकांस व दात्यांस नम्र विनंती

१. निर्माल्य, प्लास्टिक पिशव्या, तसबिरी, जुने कपडे नदीत सोडू नयेत. निर्माल्य त्यासाठी ठेवलेल्या कलशातच टाकावे.

२. रामकुंडात साबण लावून स्नान करू नये, कपडे अथवा वाहने धुऊ नयेत. आधी घरी किंवा निवासस्थानी स्नान करून मग तीर्थात बुडी घ्यावी, हीच जुनी रीत आहे.

३. अस्थिविसर्जन करताना अस्थी व थोडी रक्षा एवढेच अर्पण करावे. त्यासोबतची मडकी, कापड व पिशव्या पाण्यात टाकू नयेत.

४. पावसाळ्यात घाटावरील सूचनांचे पालन करावे. पाणी दुतोंड्या मारुतीच्या पायांशी आले असल्यास पात्रात उतरू नये.

५. दान रीतसर पावती घेऊनच द्यावे. ते कोणत्या कार्यासाठी आहे हे सांगावे आणि पुढील वर्षी यात्रेस आल्यावर त्या कार्याची चौकशी अवश्य करावी. विश्वस्तांना प्रश्न विचारणारा दाता हा संस्थेचा हितचिंतकच असतो.

उषवदाताच्या लेखातील अट अशी होती की, मुद्दलास हात लावू नये व व्याजावर निर्वाह करावा. गोदावरी हीदेखील पूर्वजांनी आपणांस सोपविलेली अक्षयनीवीच आहे. तिचे पाणी, झरे व काठ हे मुद्दल होय. स्नान, दर्शन व तीर्थ हे त्याचे व्याज. येथून घरी जाताना तीर्थाचा गडू भरून न्यावाच. पण आपल्या पश्चात येणाऱ्या भाविकालाही तो तितक्याच निर्मळ पाण्याने भरता यावा, एवढी काळजी प्रत्येकाने घेतल्यास गोदामाईची याहून मोठी सेवा नाही.

गोदामाई आपणां सर्वांचे कल्याण करो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.